चुना, आमसूल आणि एक प्रोटॉन

न्हाणीघराची फरशी घासण्यासाठी आणलेली ॲसिडची बाटली आणि कांद्याच्या लोणच्यासाठी आणलेली शिरक्याची बाटली या दोन वस्तू कोणतीही सुगृहिणी एका फळीवर ठेवीत नाही. वस्तुतः दोन्हींत असते ते आम्लच. परंतु पहिलीचा थेंब लुगड्यावर पडला तर भोक पडते, आणि दुसरीतील आम्ल आपण जिभेवर घेऊन वर मिटक्या मारतो. असे का, असे कोणाला विचारले तर बहुधा उत्तर येते की शिरक्यात पाणी अधिक असते. हे उत्तर अर्धेच खरे आहे. पाणी घातल्याने आम्ल विरल होते, सौम्य होत नाही. आणि विरल व सौम्य या दोन गोष्टी सुशिक्षितांच्या बोलण्यातही सर्रास एक केल्या जातात.

शिरक्यात ॲसेटिक आम्लाचे जितके रेणू असतात, तितकेच हायड्रोक्लोरिक आम्लाचे रेणू तेवढ्याच पाण्यात घातले, असे समजू या. हायड्रोक्लोरिक आम्लाचे जवळजवळ सगळे रेणू पाण्यात शिरताच आपापला हायड्रोजन सोडून देतील. शिरक्यातील दर हजार रेणूंपैकी मात्र जेमतेम चार-पाच तसे करतात. उरलेले आपला हायड्रोजन घट्ट धरून बसतात. पाणी सारखे, रेणूंची संख्या सारखी, तरी एक दिलदार आणि दुसरा चिक्कू! हा स्वभावभेद रेणूच्या घडणीतून येतो, आणि त्याचा संबंध केवळ प्रयोगशाळेशी नसून आपल्या पिण्याच्या पाण्याशी, माशाच्या कालवणाशी, तंबाखूच्या बटव्याशी आणि दंतवैद्याच्या खुर्चीशीही आहे.

आम्लाचे मर्म कशात आहे याचा शोध घेताना मोठमोठे पंडित चकले. आधुनिक रसायनशास्त्राचा जनक म्हणून ज्याचा गौरव होतो, त्या फ्रेंच शास्त्रज्ञ लाव्हॉझिएचे मत असे की, प्रत्येक आम्लात प्राणवायू असलाच पाहिजे. म्हणूनच १७७७ साली त्याने त्या वायूला ग्रीक भाषेतून ‘आम्ल उत्पन्न करणारा’ अशा अर्थाचे ऑक्सिजन हे नाव दिले. पुढे १८१० मध्ये इंग्लंडात हंफ्री डेव्हीने दाखवून दिले की, मिठापासून काढलेल्या तीव्र आम्लात ऑक्सिजनचा लवलेशही नाही. त्यात आहेत ते फक्त हायड्रोजन आणि क्लोरीन. कल्पना गेली, नाव तेवढे उरले. १८८४ मध्ये स्वीडनच्या आऱ्हेनिअस या तरुणाने असा प्रबंध लिहिला की, विद्राव्य पदार्थांचे पाण्यात विद्युत्भारित तुकडे होतात. परीक्षकांना तो फारसा पटला नाही व त्यांनी त्याला खालची श्रेणी दिली. त्याच विचारासाठी १९०३ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. अखेर १९२३ मध्ये डेन्मार्कचा ब्रन्स्टेड व इंग्लंडचा लौरी यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे आजची सुटसुटीत व्याख्या मांडली: जो प्रोटॉन देतो तो आम्ल, जो घेतो तो आम्लारी. हायड्रोजनच्या अणूतून त्याचा एकुलता एक इलेक्ट्रॉन काढून घेतला की उरतो तो प्रोटॉन.

येथे शब्दांविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. इंदूर-ग्वाल्हेरकडे हिंदी माध्यमात शिकणाऱ्या आपल्या मुलांची क्षार या शब्दाने हमखास फसगत होते. मराठी पुस्तकांत क्षार म्हणजे मिठासारखा पदार्थ, ज्याला हिंदीत लवण म्हणतात. आणि मराठीत ज्याला आम्लारी म्हणतात तो हिंदीत क्षारक. आजोबांनी नातवाला रसायनशास्त्र शिकवायला बसण्यापूर्वी एवढा तह करून घ्यावा. तसेच सामू हा शब्दही ध्यानात असू द्यावा. द्रावण किती आम्ल वा अल्कधर्मी आहे हे मोजण्याची ही पट्टी. तिच्यावर ७ म्हणजे उदासीन. त्याखाली आम्ल, त्यावर अल्क. आणि एका अंकाचा फरक म्हणजे दहापटीचा फरक.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. प्रोटॉन धनभारित असतो. तो निघून गेला की मागे राहिलेल्या तुकड्यावर ऋणभार येतो. हा ऋणभार त्या तुकड्याला कितपत पेलवतो, यावर आम्लाचा जोर बव्हंशी अवलंबून असतो. मुलीची पाठवणी झाल्यावर माहेर जितके सावरलेले, तितकी पाठवणी सुकर, तसेच काहीसे. मद्यार्कातही ऑक्सिजनला जोडलेला हायड्रोजन असतो आणि ॲसेटिक आम्लातही असतो. पण मद्यार्काने प्रोटॉन दिला तर सारा ऋणभार एकट्या ऑक्सिजनच्या डोक्यावर बसतो. ॲसेटिक आम्लात त्याच कार्बनवर दुसरा एक ऑक्सिजन शेजारीच असतो. तो अर्धा भार उचलतो. हा वाटा नुसता कागदावरचा नाही. मुंग्यांच्या विषात सापडणारे फॉर्मिक आम्ल याच कुळातले. त्या आम्लात कार्बन व दोन ऑक्सिजन यांमधील अंतरे लहान-मोठी असतात. पण त्याच्या सोडियम क्षाराचे स्फटिक क्ष-किरणांनी तपासले तेव्हा दोन्ही अंतरे अगदी सारखी भरली. म्हणजे प्रोटॉन गेल्यावर दोघा ऑक्सिजनांत धाकटा-थोरला असा भेद उरतच नाही. या एका सोयीमुळे ॲसेटिक आम्ल मद्यार्काच्या सुमारे शंभर अब्ज पट जोरदार ठरते. फिनॉल, म्हणजे पूर्वी कार्बोलिक ॲसिड म्हणून ओळखले जाणारे आणि लिस्टरने १८६५ साली ग्लासगोत जखमा धुण्यासाठी वापरलेले द्रव्य, या दोहोंच्या मधे बसते. त्यातही भार वाटला जातो, पण वाटेकरी कार्बनचे अणू असतात आणि ऋणभार पेलण्यात कार्बनला ऑक्सिजनची सर नाही.

शेजारी कोण राहतो यानेही मोठा फरक पडतो. ॲसेटिक आम्लातील कार्बनवरचा एक हायड्रोजन काढून तेथे क्लोरीन बसवला, तर आम्लाचा जोर एकदम ऐंशी पट होतो. दोन बसवले तर दोन-तीन हजार पट. तीन बसवले तर दहा हजार पटींहूनही अधिक. क्लोरीन हा इलेक्ट्रॉनांचा मोठा लोभी. तो दुरूनच त्यांना आपल्याकडे ओढतो आणि मागे राहिलेला ऋणभार हलका करतो. अर्थात त्याचा हात फार लांब पोचत नाही. खवट लोण्याला ज्याच्यामुळे वास येतो, त्या ब्युटिरिक आम्लाची साखळी थोडी लांब असते. तिच्यात आम्लगटाच्या लगतच्या कार्बनवर क्लोरीन बसवला तर जोर सुमारे शंभर पट होतो. त्यापुढच्या कार्बनवर बसवला तर पाच-सहा पट. आणि टोकाच्या कार्बनवर नेला तर जेमतेम दुप्पट. तीन घरे ओलांडली की शेजारधर्म संपला!

याचे एक उदाहरण आपल्या दख्खनच्या शेतात आहे. हरभऱ्याच्या पानांवर पहाटे जे आंबट दव साठते, त्याला आपण आंब म्हणतो. रात्री पिकावर धडुते पसरून ती टिपायची, सकाळी पिळून बाटलीत भरायची आणि पोट बिघडले की थेंब-थेंब द्यायची, हा घरगुती उपाय पुष्कळांच्या आज्यांना ठाऊक होता. तिच्यात मॅलिक आणि ऑक्झॅलिक ही आम्ले असतात. ऑक्झॅलिक आम्लाच्या रेणूत दोन आम्लगट एकमेकांना पाठ लावून बसलेले असतात. एकाने प्रोटॉन द्यायचे म्हटले की दुसरा त्याचे इलेक्ट्रॉन ओढून त्याला मदत करतो. त्यामुळे पहिल्या प्रोटॉनापुरते हे आम्ल शिरक्यातील आम्लाच्या तीन हजार पट जोरदार असते. कपड्यावरचे गंजाचे आणि शाईचे डाग काढण्यासाठी जी पांढरी पूड दुकानात मिळते, ती बहुधा याचीच. ती विषारी आहे आणि साखरेसारखी दिसते, एवढे सांगितले म्हणजे ती कोठे ठेवू नये हे निराळे सांगायला नको.

आतापर्यंतच्या विवेचनावरून वाचकांचा असा समज होईल की, इलेक्ट्रॉनांचा जो सर्वांत लोभी तो सर्वांत जोरदार आम्ल देणार. तसे असते तर फ्लोरीनचा मान पहिला लागता, कारण त्याच्याइतके अधाशी मूलद्रव्य दुसरे नाही. प्रत्यक्षात हायड्रोक्लोरिक, हायड्रोब्रोमिक, हायड्रोआयोडिक ही सगळी तीव्र आम्ले, आणि त्यांच्या पंक्तीत हायड्रोफ्लोरिक आम्ल तेवढे सौम्य. कारण असे की, फ्लोरीनचा अणू लहान, आणि हायड्रोजनशी त्याचा बंध विलक्षण घट्ट. तो तोडण्यास लागणारी ऊर्जा आयोडीनच्या बंधाच्या जवळजवळ दुप्पट आहे. खालच्या ओळीतील अणू क्रमाने मोठे होत जातात, बंध सैल पडत जातो आणि ऋणभारही मोठ्या अंगावर ऐसपैस पसरतो.

आणि हे सौम्य आम्ल त्या पंक्तीतले सर्वांत भयंकर आहे! ते काच खाते, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. परंतु त्याहून घातक गोष्ट अशी की, ते सौम्य असल्यामुळेच घातक आहे. तीव्र आम्ल त्वचेला भाजते आणि बव्हंशी तेथेच अडते, कारण विद्युत्भारित तुकड्यांना शरीराची स्निग्ध पडदेवजा आवरणे सहजी आत घेत नाहीत. हायड्रोफ्लोरिक आम्लाचे न फुटलेले, भाररहित रेणू त्या आवरणांतून आत झिरपतात, खोल मांसापर्यंत, हाडापर्यंत जातात, आणि तेथे फ्लोराइड सुटे होऊन शरीरातील कॅल्शियमला जखडून टाकते. रक्तातील कॅल्शियम खालावले की हृदयाची लय बिघडते. द्रावण विरल असेल तर पहिले काही तास वेदनाही होत नाही, आणि माणूस बेसावध राहतो. काही औद्योगिक गंजनाशकांत व धातू उजळण्याच्या द्रावणांत हे आम्ल असते. ते अंगावर उडाले तर भरपूर पाण्याने धुऊन, दुखो वा न दुखो, तत्काळ रुग्णालय गाठावे. कॅल्शियम ग्लुकोनेट हा त्यावरील मुख्य उतारा आहे. ज्याचा प्रोटॉन सुटत नाही ते निरुपद्रवी, या समजुतीला याहून मोठा धक्का दुसरा नसेल.

भाररहित रेणू आत शिरतो आणि भारित तुकडा दाराशी अडतो, हे सूत्र वाचकांनी हाताशी धरून ठेवावे. पावसाळ्यात विहिरीत टाकायच्या विरंजक चूर्णाचे उदाहरण घेऊ. क्लोरीन आणि ऑक्सिजन यांची मिळून चार आम्ले होतात. क्लोरीनवर एक ऑक्सिजन असलेले हायपोक्लोरस आम्ल शिरक्यातील आम्लाहूनही कितीतरी सौम्य. आणि चार ऑक्सिजन असलेले परक्लोरिक आम्ल हे गंधकाम्लालाही मागे टाकणारे. ऑक्सिजनचे जितके वाटेकरी अधिक, तितका मागचा ऋणभार विभागला जातो, हे वर आलेच आहे. विरंजक चूर्ण पाण्यात पडले की जंतू मारणारे जे द्रव्य तयार होते, ते यांतले सर्वांत दुबळे हायपोक्लोरस आम्ल. त्याचा न फुटलेला रेणू जंतूच्या आवरणातून सहज आत जातो. त्याचा प्रोटॉन निघून गेला की उरलेल्या ऋणभारित तुकड्याला जंतूचे आवरण दूर लोटते, आणि त्याची मारकशक्ती अनेक पटींनी घटते. सामू ७.५ असताना निम्मे रेणू अखंड असतात, तो ८.५ झाला की दहांतील जेमतेम एक. म्हणून चूर्ण तेवढेच टाकूनही एका गावचे पाणी निर्धोक होते आणि चुनखडीच्या दुसऱ्या गावात तेवढ्या वेळात होत नाही. क्लोरीनने पाणी शुद्ध करताना सामू ८ च्या खाली असावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते ते याचसाठी.

जाता जाता एक इशारा. हेच विरंजक द्रव्य आणि संडास धुण्याचे ॲसिड एकाच वेळी, एकाच भांड्यावर कदापि ओतू नये. दोघांच्या संयोगाने क्लोरीन वायू निघतो, आणि दार लावलेल्या लहानशा न्हाणीघरात तो प्राणावर बेततो. दोन औषधे मिळून दुप्पट स्वच्छता होते, हा हिशेब येथे चालत नाही.

आम्लारींची कथा आम्लांच्या उलट. येथे प्रश्न असा की, प्रोटॉनला धरून ठेवण्यासाठी इलेक्ट्रॉनांची एक जोडी रेणूजवळ कितपत मोकळी आहे? अमोनियातील नायट्रोजनजवळ अशी जोडी असते. अमोनियाच्या एका हायड्रोजनाच्या जागी मिथिल गट बसवला तर तो नायट्रोजनाकडे इलेक्ट्रॉन ढकलतो, आणि आम्लारीचा जोर वीसपटीहून अधिक वाढतो. दुसरा बसवला तर आणखी किंचित वाढतो. तिसरा बसवला तर वाढावा ना? उलट पाण्यात तो कमी होतो! कारण प्रोटॉन घेतलेल्या तुकड्याला भोवतीचे पाणी आपल्या हायड्रोजनबंधांनी सावरून धरते, आणि तीन मिथिल गटांच्या गर्दीत पाण्याला हात घालायला जागाच फारशी उरत नाही.

तीन मिथिल गटांचा हा पदार्थ म्हणजे ट्रायमिथिलअमाइन, अर्थात शिळ्या समुद्री मासळीचा वास. तो उडून नाकात जातो, कारण तो भाररहित असतो. गोव्या-कोकणातल्या सुगरणीने मासळीला आमसुले लावली किंवा लिंबू चोळले की आमसुलातील वा लिंबातील आम्ल आपला प्रोटॉन त्या अमाइनला देते. प्रोटॉन मिळाला की ते भारित होते, क्षाररूपाने पाण्यातच राहते आणि हवेत उडत नाही. वास नाहीसा झालेला नसतो, तो बांधून ठेवलेला असतो. म्हणून आमसुलाने शिळी मासळी ताजी होत नाही, हे बाजारहाट करणाऱ्यांनी विसरू नये.

अमोनियाच्या हायड्रोजनाच्या जागी बेन्झीनचे कडे आले म्हणजे ॲनिलिन होते. हे नाव नीळ या वनस्पतीच्या पोर्तुगीज नावावरून पडले आणि ते नाव अरबीतून मागे जाऊन आपल्या संस्कृत ‘नील’पाशी पोचते. ॲनिलिनमध्ये नायट्रोजनची मोकळी जोडी बेन्झीनच्या कड्यात ओढली जाते. प्रोटॉनसाठी ती पूर्वीइतकी हाताशी राहत नाही. परिणामी ॲनिलिन हा मिथिलअमाइनच्या दशलक्षांश जोराचा आम्लारी ठरतो.

आता तंबाखूच्या बटव्याकडे येऊ. पोर्तुगीजांबरोबर तंबाखू या देशात आली, आणि आपल्या लोकांनी तिला चुन्याची जोड दिली. निकोटीन वेगळे काढले गेले ते १८२८ साली, हायडेलबर्गमध्ये. त्याची रचना उलगडण्यास आणखी पुष्कळ वर्षे लागली. चुन्याची करामत मात्र तळहातावर तंबाखू मळणाऱ्याला अनुभवाने कळलेली होती. निकोटीनच्या रेणूत दोन कडी आणि दोन नायट्रोजन असतात. त्यांतला एक जात्याच दुबळा आम्लारी. दुसरा एकटा असता तर चांगला जोरदार ठरला असता; पण शेजारचे कडे त्याचे इलेक्ट्रॉन ओढते आणि त्याचा जोर शेकडो पटींनी उतरतो. तो नेमका अशा ठिकाणी येऊन थांबतो की, सामू ८ असताना निम्मे निकोटीन प्रोटॉन घेतलेले आणि निम्मे मोकळे असते. सामू ६ असेल तर शंभरांतील एखादाच रेणू मोकळा. बाकीचे भारित, म्हणून गालाच्या अस्तराबाहेर अडलेले. चिमूटभर चुना मिसळून सामू ९ झाला, की शंभरांतील नव्वद मोकळे होतात आणि गालातून थेट रक्तात उतरतात. चुन्याने तंबाखूला ‘चव येते’ असे म्हणतात. येते ती चव नव्हे, निकोटीन येते. तोंडाचा कर्करोग ज्यामुळे होतो ती द्रव्ये मुख्यतः निराळी, नायट्रोसॅमाइन वर्गातली. परंतु माणसाला वर्षानुवर्षे त्या बटव्याशी बांधून ठेवणारे असते ते हेच चुन्याने मोकळे केलेले निकोटीन. व्यसन सोडू पाहणाऱ्याला ‘मनोनिग्रह नाही’ म्हणून घरच्यांनी हिणवण्यापूर्वी हे रसायन ध्यानात घेतलेले बरे.

योगायोग असा की, माणसाने वेदनाशमनासाठी जाणूनबुजून घडवलेला एक रेणू याच ठिकाणी बसतो. स्वीडनमध्ये लोफग्रेन आणि लुंडक्विस्ट यांनी १९४३ साली तयार केलेले लिडोकेन आज दंतवैद्य रोज टोचतात. त्यातील नायट्रोजनवर दोन इथिल गट असतात. केवळ तेवढ्यावर तो फार जोरदार आम्लारी झाला असता आणि शरीरात त्याचे दोन हजारांतून एखादेच रेणू मोकळे राहिले असते. पण एका कार्बनच्या अंतरावर इलेक्ट्रॉन ओढणारा अमाइड गट असल्यामुळे त्याचा जोर कित्येक शेकडो पटींनी कमी होतो. निरोगी ऊतींचा सामू ७.४ असतो, तेथे सुमारे चौथा हिस्सा रेणू मोकळे असतात. ते मज्जातंतूच्या आवरणातून आत जातात, आत पोचल्यावर पुन्हा प्रोटॉन घेतात आणि त्या भारित रूपाने वेदनेचा निरोप अडवतात. आत शिरायला एक रूप, काम करायला दुसरे, आणि रेणू दोन्ही रूपे सहज पालटू शकेल असा बेताचा!

दाढेखाली पू धरून हिरडी सुजली असेल तर मात्र तेथील ऊती आम्लयुक्त होतात. सामू ६.९ पर्यंत उतरला तर मोकळ्या रेणूंचा हिस्सा चौथाईवरून अकराव्या हिश्श्यावर येतो. सूज आलेल्या जागी भूल चढत नाही, याची इतरही कारणे आहेत, पण हे त्यांतले एक जुने व सर्वमान्य कारण. अशा वेळी अनुभवी दंतवैद्य सुई सुजलेल्या जागी न टोचता, जबड्याच्या मागच्या बाजूला, मज्जातंतू जेथे निरोगी ऊतींतून जात असतो तेथे टोचतो. किंवा प्रतिजैविके देऊन व पू काढून ‘चार दिवसांनी या’ असे सांगतो.